पत्ता माझा, हात दुसऱ्याचा : नेटवर्क स्कॅनर आणि परवानगीचा इतिहास

इअरफोन घरी विसरलात, लोकलमध्ये उभे आहात आणि अंधेरीपर्यंत काहीतरी वाचायला हवंय? मग ही या एपिसोडची लेखी आवृत्ती तुमच्यासाठीच. बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे बघा' म्हणालो, त्यातले निम्मे काढून टाकलेत.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

बीटेक होऊन दोन वर्षं झाली होती. मालाड पूर्वेला माझ्या मामाचं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानात चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर. मामाला घरून मोबाइलवर दुकान दिसायला हवं होतं. मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून दिलं. पण बाहेरून पोर्ट उघडा दिसतोय की नाही, हे तपासायचं कसं? म्हणून एका रविवारी मी एक पेज बनवलं. बॉक्समध्ये आयपी ॲड्रेस टाका, बटण दाबा, कोणते पोर्ट उघडे आहेत ते कळेल. स्वस्तातला एक सर्व्हर घेतला आणि लिंक कॅमेरे बसवणाऱ्या चार-पाच ओळखीच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळे खूश. मीही खूश.

दीड महिन्याने सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा मेल आला. तुमच्या सर्व्हरवरून दुसऱ्यांच्या नेटवर्कचं स्कॅनिंग चालू आहे, चोवीस तासांत खुलासा द्या, नाहीतर सर्व्हर बंद. मी तर काहीच केलं नव्हतं! नंतर डोकं चाललं. कोणीतरी स्क्रिप्ट लिहून माझ्या पेजला एकामागून एक हजारो पत्ते पुरवत होतं. समोरच्याला दिसत होता तो माझ्या सर्व्हरचा पत्ता. करणारा मागे लपलेला.

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. "अरे, डीव्हीआर पासवर्ड घेतच नाहीये." कोणीतरी आत जाऊन पासवर्ड बदलला होता. चारातला एक कॅमेरा थेट गल्ल्याकडे बघणारा. माझ्या पेजवरूनच कोणाला तो पोर्ट सापडला का? मला आजही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही, कारण मी लॉग ठेवलेच नव्हते. डीव्हीआरचा फॅक्टरी पासवर्ड बदलायचं राहिलं होतं, तेही माझ्याकडूनच.

पेज मी त्याच रात्री बंद केलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. लोकांना स्वतःचं दार तपासता यावं, पण त्याच हत्याराने दुसऱ्याचं दार चाचपता येऊ नये, हे जमवायचं कसं? शोधायला लागलो तेव्हा कळलं, की हा प्रश्न माझ्याइतकाच जुना आहे. थोडा जास्तच.

सैतान आणि सांता

५ एप्रिल १९९५. अमेरिकेतला डॅन फार्मर आणि नेदरलँड्समधला विट्से वेनेमा या दोघांनी एक प्रोग्राम इंटरनेटवर फुकट ठेवला. नाव 'सेटन', म्हणजे इंग्रजीतला सैतान. लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून हे नाव केलेलं. काम साधं. नेटवर्कवरच्या मशीनला विचारायचं, तुझी कोणती दारं उघडी आहेत, कुठे जुनं आणि दुबळं सॉफ्टवेअर चालतंय. उत्तर ब्राउझरमध्ये दिसायचं. ज्याला कमांड लाइन येत नाही, त्यालाही कळेल असं.

लोक घाबरले नेमके याच सोपेपणाला. तोवर हे काम जाणकारांपुरतं होतं, आता कोणीही करू शकणार होतं. फार्मर तेव्हा सिलिकॉन ग्राफिक्समध्ये नोकरीला होता, ती नोकरी या प्रकरणात गेली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सुरक्षा पथकाने 'कोर्टनी' नावाचा प्रोग्राम काढला. आपल्यावर सेटन चालवला जातोय का, ते ओळखण्यासाठी. दोघा लेखकांनी नावावरून चिडणाऱ्यांसाठी सोबत एक छोटी स्क्रिप्टही दिली होती. ती चालवली की सगळीकडे सेटनचं 'सांता' व्हायचं!

गंमत सोडा. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. या पहिल्याच गाजलेल्या स्कॅनरमध्ये ब्रेक होते. एका मशीनवरून शेजारच्या, तिथून त्याच्या शेजारच्या मशीनपर्यंत किती लांब जायचं, याची मर्यादा सेटिंगमध्ये घालता यायची. कोणाला अजिबात हात लावायचा नाही, याची यादी देता यायची. म्हणजे बनवणाऱ्यांना धोका पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. अडचण एवढीच, की ब्रेकवरचा पाय चालवणाऱ्याचा.

आणि खुद्द फार्मरने काय केलं? १९९६ च्या शेवटी त्याने सुमारे २२०० साइट्स तपासल्या. त्यात बँका होत्या, सरकारी खाती होती, वर्तमानपत्रं होती. कोणाची परवानगी न विचारता. त्याला आढळलं, की जवळजवळ दोन तृतीयांश साइट्समध्ये गंभीर भोकं आहेत. माहिती मोलाची होती, नावं त्याने जाहीर केली नाहीत, स्कॅनही हळुवार ठेवला. तरी प्रश्न उरतोच. चांगल्या हेतूने का होईना, न विचारता दुसऱ्याची कडी हलवून बघायची का?

सेटन आला त्यानंतर चार महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने मुंबईसह चार महानगरांत सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपल्याकडे घर बांधायला घेतलं, तेव्हा कुलूप चाचपायचं हत्यार बाजारात आलेलं होतं. त्याचा फटकाही लवकर बसला. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि जूनमध्ये 'मिलवर्म' नावाच्या, वेगवेगळ्या देशांतल्या पोरांच्या टोळीने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये घुसून ईमेल काढले आणि वेबपेज बदललं. ही पोरं विशीच्या आतली होती. मालाडहून ट्रॉम्बे तासा-दीड तासाचा रस्ता आहे. त्यांना घराबाहेर पडावंही लागलं नाही.

मुंबई, २००८

आता आपल्या शहराच्या गोष्टीकडे येऊ. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा धडा इथेच आहे.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. पोलिसांनी आयपी पत्ता शोधला. तो निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याचा, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट जोडणीचा. काही आठवडे त्या माणसाचं नाव जगभर छापून आलं. त्याचा दोष काय होता? त्याचं वायफाय दुसऱ्या कोणीतरी वापरलं होतं. पत्ता त्याचा, हात दुसऱ्याचा.

पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीचे स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. ऑक्टोबरमध्ये मुंबई क्राइम ब्रँचने ज्यांना अटक केली, त्यांत पुण्यात काम करणारा एक सॉफ्टवेअर इंजिनियरही होता. उघडी वायफाय वापरून हे ईमेल पाठवण्यात त्याचा हात आहे, असा पोलिसांचा आरोप होता.

मग जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी ठरवलं, की आपणच शहरात फिरून उघडी वायफाय शोधायची. लॅपटॉप घेऊन रस्त्यावरून जायचं, कोणत्या नेटवर्कला पासवर्ड नाही ते बघायचं आणि मालकाला नोटीस द्यायची, की बाबा रे, कुलूप लाव. याला 'वॉर-ड्रायव्हिंग' म्हणतात. १९८३ च्या 'वॉरगेम्स' या सिनेमातला पोरगा कॉम्प्युटरकडून ओळीने फोन नंबर फिरवतो. त्याला वॉर-डायलिंग हे नाव पडलं आणि त्यावरून हे. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानेही इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

जरा थांबून विचार करा. चोर जे करतो तेच पोलीस करत होते. तोच लॅपटॉप, तसंच सॉफ्टवेअर, तोच रस्ता. फरक कुठे होता? तीन ठिकाणी. एक, तपासणारा कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, वर्तमानपत्रात छापून आलं होतं. दोन, बघायचं होतं फक्त कुलूप आहे की नाही, आतलं सामान नाही. तीन, सापडलेली गोष्ट सांगायची होती मालकाला, शेजाऱ्याला नाही.

दुसरा मुद्दा वाटतो तितका सोपा नाही बरं का. मे २०१० मध्ये गूगलला कबूल करावं लागलं, की रस्त्यांचे फोटो काढत देशोदेशी फिरणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी उघड्या वायफायवरून जाणारा लोकांचा डेटाही टिपला होता. दाराची पाटी वाचायला गेले आणि पत्रं वाचून आले.

चार उपाय, चार अडचणी

आता सार्वजनिक स्कॅनर, म्हणजे वेबसाइटवर जाऊन बटण दाबलं की चालणारे. इथे हत्यार तुमच्या हातात नसतं, दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतं. त्यामुळे ब्रेकवर पाय ठेवणारा तो सर्व्हरवाला. आजवर लोकांनी काय काय करून पाहिलं?

पहिला उपाय १९९९ चा. स्टीव्ह गिब्सनचं 'शील्ड्स अप'. त्यात पत्ता टाकायला बॉक्सच नाही. तुम्ही ज्या पत्त्यावरून साइट उघडलीत, तोच तपासला जाणार. दुसऱ्याचं दार वाजवायची सोयच नाही! मी हे बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. माझ्या पेजमधली सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो बॉक्स.

दुसरा उपाय एनमॅपवाल्यांचा. फ्योदोर या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉर्डन लायनने सप्टेंबर १९९७ मध्ये एनमॅप जगापुढे आणला. शिकणाऱ्यांना सराव हवा असतो, मग ते कोणावर तरी करतात. म्हणून त्याने 'स्कॅन मी' नावाचं स्वतःचंच एक मशीन उघडं ठेवलं. तिथे स्पष्ट लिहिलंय, दिवसातून थोडे स्कॅन करा, शंभरदा नको, आणि पासवर्ड तोडायचे प्रयोग इथे नकोत. नेट प्रॅक्टिससाठी वेगळी खेळपट्टी दिली, की पोरं सोसायटीच्या काचा फोडत नाहीत.

तिसरा उपाय मालकी सिद्ध करायला लावण्याचा. साइट बनवली असेल तर तुम्हाला हे माहीत आहे. गूगल सर्च कन्सोल सांगतं, ही फाइल तुमच्या साइटवर ठेवा किंवा डीएनएसमध्ये ही ओळ घाला. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घेतानाही तसंच. ज्याच्याकडे घराची किल्ली आहे, तोच आत जाऊन चिठ्ठी ठेवू शकतो. स्कॅनरलाही हाच नियम लावता येतो.

चौथा उपाय संशोधकांचा. २०१२ मध्ये एका निनावी माणसाने फॅक्टरी पासवर्ड असलेली सुमारे ४ लाख २० हजार उपकरणं ताब्यात घेतली आणि त्यांच्यामार्फत अख्खं इंटरनेट मोजलं. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या टीमने 'झेडमॅप' आणला. एकाच मशीनवरून पाऊण तासाच्या आत सगळं आयपीव्ही४ इंटरनेट! पण त्यांनी सोबत शिस्तही लिहून दिली. पत्ते ओळीने नाही, उलटसुलट क्रमाने तपासा, म्हणजे एकाच नेटवर्कवर भार पडणार नाही. ज्या सर्व्हरवरून स्कॅन करता, तिथे एक पेज ठेवा, आम्ही कोण आणि हे का करतोय. आणि कोणी म्हणालं 'आम्हाला वगळा', तर वगळा. मोजणी दोघांनीही केली. पण एकाने दुसऱ्यांच्या घरांतून, दुसऱ्याने आपल्या नावाची पाटी लावून.

२०१६ मध्ये मिराई आला, तेव्हा हे का महत्त्वाचं आहे ते सगळ्यांना कळलं. साठेक फॅक्टरी पासवर्डची यादी घेऊन तो कॅमेरे आणि डीव्हीआर शोधत फिरायचा. २१ ऑक्टोबरला त्याच्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साइट्स काही तास कोलमडल्या. मजा म्हणजे मिराईच्या कोडमध्येही 'यांना हात लावू नका' अशी यादी होती, त्यात अमेरिकेचं संरक्षण खातं. चोरसुद्धा ब्रेक ठेवतो, पण स्वतःला वाचवायला. माझ्या मामासारख्यांचे डीव्हीआर त्या यादीत नव्हते.

कायदा काय म्हणतो

आपल्या २००० च्या आयटी कायद्यात 'पोर्ट स्कॅन' असा शब्द नाही. कलम ४३ बोलतं ते मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीबद्दल. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं, तर कलम ६६, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांमध्ये सहा तासांत कळवायच्या घटनांची यादी आहे. महत्त्वाच्या नेटवर्कचं ठरवून केलेलं स्कॅनिंग त्या यादीत आहे. लॉग १८० दिवस ठेवा, हेही त्यातच. थोडक्यात, सगळं फिरून एका शब्दाकडे येतं. परवानगी.

मी काय केलं

सात-आठ महिन्यांनी मी पेज पुन्हा सुरू केलं. नवीन नियमांनी.

बॉक्स काढला. ज्या पत्त्यावरून आलात, तोच तपासणार. इथे मी लगेच दुसरी चूक केली. येणाऱ्याचा पत्ता मी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमधून घेतला. ते हेडर कोणीही हाताने लिहून पाठवू शकतो! म्हणजे बॉक्स काढला आणि खिडकी उघडी ठेवली. एका मित्राने कोड वाचून पकडलं. आता प्रत्यक्ष टीसीपी कनेक्शनचा पत्ताच घेतो.

मग एक अडचण आली, जी गिब्सनला १९९९ मध्ये नव्हती. आपल्याकडे मोबाइल डेटावर आणि पुष्कळ केबलवाल्यांच्या ब्रॉडबँडवर एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. तुम्ही म्हणता 'माझा पत्ता तपास', पण तो पत्ता अख्ख्या गल्लीचा! तुमची परवानगी गल्लीची परवानगी होत नाही. म्हणून आता पेज आधी सांगतं, राउटरच्या पानावर जो वॅन आयपी दिसतो तो टाका. तो आणि मला दिसणारा पत्ता एकच नसेल, तर स्कॅन होणार नाही. १०० नंतर ६४ ते १२७ मधला आकडा असेल, तर पत्ता कंपनीने वाटून दिलेला आहे, हे तिथेच समजावून सांगतं.

तपासतो फक्त दहा पोर्ट, आणि एका पत्त्यावरून तासाला एकदाच. स्वतःचा सर्व्हर तपासायचा असेल तर डीएनएसमध्ये ओळ घालून मालकी दाखवायची. कोणी, कधी विचारलं हे १८० दिवस ठेवतो. उत्तर काय आलं, हे मात्र ठेवत नाही. उघड्या दारांची यादी माझ्याकडे साठली, तर चोराला माझंच एक घर फोडलं की पुरे. आणि सर्व्हरच्या पत्त्यावर एक साधं पान आहे, मी कोण, हे काय, नको असेल तर कुठे कळवा.

तोटा झाला का? झाला. कॅमेरे बसवणारे एक दादा वैतागून म्हणाले, "आधी मी दुकानात बसून गिऱ्हाइकाचा पत्ता टाकायचो, झटक्यात काम. आता काय उपयोग तुझ्या पेजचा?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी आम्ही मार्ग काढला. ते आता गिऱ्हाइकाला लिंक पाठवतात, गिऱ्हाईक घरच्या वायफायवर स्वतः बटण दाबतं आणि स्क्रीनशॉट पाठवतं. पाच मिनिटं जास्त जातात. पण ज्याचं घर, त्यानेच होकार दिलेला असतो. वापर आधीच्या मानाने फार थोडा आहे, आणि कंपनीचा तसला मेल परत आलेला नाही.

सानपाड्याचा तो माणूस मला अधूनमधून आठवतो. त्याची चूक झालीच असेल तर राउटर नीट न लावण्याची, आणि जगाने काही आठवडे त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मला एक मेल आला तर रात्रभर झोप नव्हती. आपल्या नावाची एखादी गोष्ट इंटरनेटवर उघडी ठेवली, की ती कोणाच्या हातात जाईल याची थोडीतरी जबाबदारी आपलीच.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर दोन कामं करा. राउटरचा आणि डीव्हीआरचा फॅक्टरी पासवर्ड बदला. आणि वापरात नसलेलं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा. मामाच्या दुकानात मी तेच केलं. नवा पासवर्ड मामाने वहीत लिहून ठेवलाय. वही गल्ल्यातच आहे, आणि कॅमेऱ्याचं तोंड मी दाराकडे फिरवलंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.